देखणी फिल्म, न लावलेला ब्रेक: एका प्रचार-व्हिडिओचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण घडीची व्हीलचेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीचं आहे. कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. दुसऱ्या फिल्मची निर्मिती माझ्याकडे होती. पहिलीबद्दल जे लिहिलं आहे ते कंपनीतल्या लोकांकडून ऐकलेलं आणि ती फिल्म पुन्हा पुन्हा पाहून लक्षात आलेलं आहे.

पार्श्वभूमी

खुर्चीची दोन वैशिष्ट्यं होती. एक, ती एका खटक्यात मिटते आणि एकटं माणूस ती गाडीच्या डिकीत ठेवू शकतं. दोन, तिची आर्मरेस्ट मागे वळते, त्यामुळे पलंगावरून खुर्चीत बाजूने सरकता येतं, कुणी उचलून ठेवायची गरज पडत नाही. विक्री मुख्यतः वेबसाइटवरून आणि फिजिओथेरपिस्टांच्या शिफारशीवरून व्हायची.

कंपनीने एका चांगल्या एजन्सीकडून तीन मिनिटांची फिल्म करून घेतली. ड्रोनमधून कारखाना, वेल्डिंगच्या ठिणग्या, संस्थापकांचं मनोगत, भारदस्त आवाजातलं निवेदन, आणि शेवटी खुर्चीतून उठून खिडकीकडे जाणारा एक हसरा वृद्ध. रंग, प्रकाश, संगीत, कशातच नाव ठेवायला जागा नव्हती. दाखवली तेव्हा बैठकीत टाळ्या पडल्या.

अडचण

फिल्म लोकांनी पाहिली, पण ग्राहकसेवेच्या फोनवर तेच ते प्रश्न येत राहिले. डिकीत मावते का? मला एकटीला ती उचलता येईल का? बाथरूमच्या दारातून जाते का? फोन घेणाऱ्या ताईंनी स्वतःच्या सोयीसाठी हे प्रश्न एका वहीत टिपायला सुरुवात केली होती. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये नव्हतं. निवेदनात ‘सहज हाताळता येणारी’ असा शब्दप्रयोग होता, पण सहज म्हणजे किती, हे कुठेच दिसत नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. आधी शिफारस करणारे काही फिजिओथेरपिस्ट फिल्म पुढे पाठवत नव्हते. विक्रीप्रमुखांनी एकीला कारण विचारलं तर ती म्हणाली, “तुमचे काका ब्रेक न लावता उठले हो. हे मी माझ्या पेशंटला कसं दाखवू?”

शेवटचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. खरंच, ब्रेकच्या दोन्ही दांड्या मोकळ्या होत्या. फूटरेस्टही वर केलेल्या नव्हत्या. काका त्यांच्यावरच पाय देऊन उठत होते. खुर्चीतून उठताना आधी ब्रेक लावायचे, मग फूटरेस्ट बाजूला करायच्या आणि पाय जमिनीवर टेकवायचे, हे फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी शिकवतात. ते चुकलं की खुर्ची मागे सरकते आणि माणूस पडतो. शिवाय नट चाकं फिरवताना टायरच पकडत होता. रोज खुर्ची चालवणारा माणूस टायरला लागून असलेली कडी धरतो, कारण टायरने हात मळतात आणि सोलवटतात. खुर्ची वापरणाऱ्याला हे पहिल्या फटक्यात दिसतं, बैठकीतल्या कुणालाच दिसलं नव्हतं.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. फिल्म मंजूर होईपर्यंत ती पाहणाऱ्यांमध्ये एकही माणूस खुर्चीत बसणारा, खुर्ची ढकलणारा किंवा खुर्ची सुचवणारा नव्हता. कागदावर प्रेक्षक म्हणून ‘ज्येष्ठ नागरिक व त्यांचे कुटुंबीय’ लिहिलेलं होतं, पण प्रत्यक्षात फिल्म बैठकीतल्या लोकांसाठी बनली होती. त्यांना ‘प्रोफेशनल’ म्हणजे जे टीव्हीवरच्या जाहिरातीसारखं दिसतं ते हवं होतं. एजन्सीने तेच दिलं. तिला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

कोणते पर्याय होते

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे तीच फिल्म कापून छोटी करणं आणि शेवटचा प्रसंग काढून टाकणं. पण संगीत, निवेदन सगळं त्या उठण्याच्या क्षणाकडे चढत जात होतं. तो काढला की फिल्म अर्ध्यात संपल्यासारखी वाटायची. आणि वहीतल्या प्रश्नांसाठी लागणारी दृश्यं मुळात घेतलेलीच नव्हती. संकलन कितीही चांगलं असलं तरी न घेतलेला शॉट त्यातून निघत नाही.

दुसरा पर्याय, सगळं घरीच फोनवर चित्रित करणं. विक्रीच्या तरुण मंडळींचा याला जोर होता आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आजच्या फोनचं चित्र पुरेसं चांगलं असतं. पण आवाज आणि प्रकाश यांचं काय, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. खराब चित्र प्रेक्षक बऱ्यापैकी सहन करतो, खराब आवाज मात्र करत नाही. घुमणारा, लांबून आलेला आवाज ऐकला की वस्तूबद्दलचाही विश्वास डळमळतो.

तिसरा, दुसरी एजन्सी. चौथा, स्क्रिप्ट आणि माणसं आपली, आणि कॅमेरा, ध्वनी, प्रकाश यांसाठी छोटं भाड्याचं पथक. चौथा निवडला. पैसे वाचणार होतेच, पण खरं कारण वेगळं होतं: काय दाखवायचं हे वहीवरून ठरणार होतं, आणि वही कंपनीत होती.

मग एकच फिल्म की अनेक, हा वाद. संस्थापकांना एकच ‘मुख्य’ फिल्म हवी होती. शेवटी सव्वा मिनिटाची एक फिल्म आणि प्रत्येक मोठ्या प्रश्नाला एक स्वतंत्र छोटी क्लिप असं ठरलं: घडी करून डिकीत, पलंगावरून खुर्चीत, अरुंद दारातून. फिजिओथेरपिस्टला पेशंटला पाठवायला नेमकी एकच क्लिप हवी असते, सगळी कहाणी नको असते.

नट की प्रत्यक्ष वापरणारे

यावर सर्वात जास्त वेळ गेला, आणि जावा असाच हा प्रश्न होता. नट घेतला तर वेळापत्रक सांभाळता येतं, संवाद पाठ असतात, पण हात खोटे पडतात. प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती घेतली तर हात खरे असतात, पण थकवा, वेळ आणि खासगीपणा यांचा विचार करावा लागतो. दया वाटावी किंवा ‘बघा, किती जिद्द’ असं वाटावं अशा तऱ्हेने तिला मांडलं जाण्याचाही धोका असतो.

रोज खुर्ची वापरणाऱ्या एक शिक्षिका तयार झाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत दोन अटी घातल्या. “मला हसत हसत खिडकीकडे पाहायला लावू नका,” ही पहिली. दुसरी, प्रसिद्ध करण्याआधी कट, म्हणजे जोडलेली फिल्म, दाखवायचा आणि नको ते काढायचं. दोन्ही अटी संमतीपत्रात लिहून घेतल्या. चित्र कुठे कुठे वापरलं जाईल आणि किती काळ, हेही लिहिलं. त्यांच्यासोबत त्यांची बहीण होती, जी खुर्ची गाडीत चढवते. ताईंच्या वहीतले निम्मे प्रश्न खरं तर अशा बहिणींचे आणि मुलांचे होते, म्हणून डिकीची क्लिप बहिणीच्या बाजूने लिहिली.

चित्रीकरण

कॅमेऱ्याची उंची हा पहिला निर्णय. पहिल्या फिल्ममध्ये कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी होता, त्यामुळे खुर्चीतला माणूस प्रत्येक चौकटीत खाली दिसायचा. बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.१ ते १.३ मीटरवर असतात. ट्रायपॉड तिथेच लॉक केला. शिक्षिका बोलत असतानाही प्रश्न विचारणारी सहकारी उभी न राहता लेन्सशेजारी स्टुलावर बसली. प्रॉम्प्टर, म्हणजे लेन्ससमोर मजकूर सरकवणारा पडदा, ठेवला नाही. तो वाचायला लागलं की सवय नसलेल्या माणसाचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात. त्याऐवजी उत्तरातच प्रश्न गुंफून बोलायला सांगितलं, म्हणजे प्रश्न कापला तरी वाक्य पूर्ण राहतं.

फिरत्या चाकाने छळलं. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं घेतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात चाकाचा एक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी जवळपास पोचून जरासा मागे राहिला, तर पडद्यावर चाक उलटं फिरतं. बाजूने घेतलेल्या शॉटमध्ये नेमकं तेच झालं. वेग कमी करून पाहिला, पण शिक्षिकांचं नेहमीचं चालणं त्यात हरवलं. मग कॅमेरा समोरून तिरका लावला. आरे एकमेकांवर आले आणि भास गेला. खोलीतल्या ट्यूबलाइटही होत्या. जिथे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते तिथे असे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, म्हणून शटर १/५० सेकंदावर ठेवलं. वारंवारता ६० हर्ट्झ असेल तर १/६०. ज्यांनी असल्या दिव्यांखाली स्लो मोशन घेऊन नंतर लुकलुकणारं चित्र पाहिलं आहे, त्यांना हे सांगायला नको.

आवाजात एक अनपेक्षित अडचण आली. मुलाखतीसाठी लेपल माइक छातीवर लावला होता. शिक्षिका बसून बोलत होत्या तोवर ठीक. चाकं फिरवायला लागल्या की दंड छातीला घासून कपड्याची खरखर प्रत्येक शब्दावर यायची. माइकची जागा बदलून फरक पडेना. शेवटी ध्वनिमुद्रकाने लेपल काढून बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, वरून धरला आणि खोलीचा घुमारा मारायला चौकटीबाहेर जाड गोधड्या टांगल्या. फ्रिज बंद केला. (फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे तो परत चालू करायचं विसरत नाही, हा या धंद्यातला जुना उपाय आहे.) शेवटी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता मुद्रित केली, कारण संकलनात वाक्यांच्या मधल्या फटी तिनेच बुजवाव्या लागतात.

खटक्याचा आवाज वेगळा घेतला. खुर्ची नीट उघडून बसली की ‘खट्’ असा आवाज येतो आणि आंधळ्या वापरकर्त्यालाही त्यावरून ती पक्की झाल्याचं कळतं. हे आम्हाला उत्पादन-अभियंत्याने चहा पिताना सहज सांगितलं. स्क्रिप्टमध्ये ते नव्हतं.

आडवं की उभं, हा प्रश्न चित्रीकरणाआधीच सोडवायला लागला. ४के चित्र ३८४० गुणिले २१६० पिक्सेलचं असतं. त्यातून फोनसाठी उभी चौकट कापली तर १२१५ गुणिले २१६० उरते, म्हणजे १०८० गुणिले १९२० च्या उभ्या व्हिडिओला हिशेबाने पुरते. पण पुरणं म्हणजे बसणं नव्हे. खुर्ची उघडताना हात दोन्ही बाजूंना जातात आणि उभ्या चौकटीत कोपर कापले जातात. बोलण्याचे भाग कापून घेतले, कृतीचे भाग मात्र कॅमेरा उभा करून पुन्हा चित्रित केले. वेळापत्रक ताणलं. छायाचित्रकार वैतागला होता, पण ते वैतागणं परवडलं.

कट आधी कुणाला दाखवायचा

इथे कंपनीने नेहमीचा क्रम उलटा केला. रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, व्यवस्थापनाआधी फोन घेणाऱ्या ताई, दोन फिजिओथेरपिस्ट आणि खुर्ची वापरणारे काही जण यांना दाखवला. दाखवताना कुणी काही समजावून सांगायचं नाही, आणि नंतर ‘आवडलं का’ असं विचारायचं नाही. ‘काय पाहिलं ते सांगा’ एवढंच विचारायचं. आवडलं का विचारलं की माणसं भिडेखातर हो म्हणतात.

निकाल सगळ्यांना चक्रावणारा होता. आर्मरेस्ट मागे वळते हे बहुतेकांना कळलंच नव्हतं. संकलकाने ती कृती तीन शॉटमध्ये सुरेख कापली होती: हात आर्मरेस्टवर, आर्मरेस्ट वळते, शिक्षिका सरकतात. प्रत्येक कट हालचालीवर होता, पाहायला गुळगुळीत. पण पाहणाऱ्याला मधे काहीतरी लपवलं असंच वाटत होतं. एका फिजिओथेरपिस्टने तर स्पष्ट विचारलं, “मधे कुणी मदत केली होती का?”

म्हणून तीच कृती सलग, एकही कट न घेता ठेवायचं ठरलं. ब्रेक लावण्यापासून पलंगावरून खुर्चीत बसेपर्यंत. संकलकाचा विरोध होता: “एवढा वेळ चित्र हललं नाही तर लोक पुढे सरकवतील.” विक्रीप्रमुख म्हणाले, “हे हौशी वाटतंय.” दोघांचं म्हणणं प्रचारफिल्मच्या सर्वसाधारण नियमांना धरून होतं. पण जिथे प्रेक्षकाला नेमकी हीच शंका आहे की हे खरंच एकटीने जमतं का, तिथे न कापलेला शॉट हाच पुरावा असतो. संस्थापकांनी निर्णय ताईंवर सोडला आणि ताईंनी सलग शॉट निवडला. त्या शॉटखालचं संगीतही काढलं; फक्त ब्रेकचे दोन आवाज, खुर्चीचा आवाज आणि श्वास.

संस्थापकांचं मनोगत गेलं. हे सोपं नव्हतं, कारण खुर्चीची कल्पना त्यांच्या आईच्या आजारपणातून आली होती आणि ते मनापासून बोलले होते. पण पहिल्या काही सेकंदांत आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्याला ती कहाणी आडवी येत होती; यूट्यूबवर वगळता येणारी जाहिरात ५ सेकंदांनंतर वगळता येते, तेवढ्यात ड्रोनही उतरत नाही. मनोगत कंपनीची माहिती देणाऱ्या पानावर पूर्ण लांबीचं ठेवलं. विक्रीप्रमुखांना सुरुवातीला लोगो हवा होता. खुर्चीच्या पाठीवर तो शिवलेलाच होता, पहिल्या चौकटीत खुर्ची जरा वळवून ठेवली आणि वाद मिटला.

बाकी कामं भराभर झाली. संगीत परवाना असलेल्या संग्रहातून घेतलं आणि परवान्याचा कागद फिल्मच्या फोल्डरमध्येच ठेवला, कारण परवाना असूनही व्हिडिओवर संगीताच्या हक्काचा दावा आपोआप येऊ शकतो. सबटायटल यंत्राने केलेली होती ती हाताने दुरुस्त केली; यंत्राने ‘फूटरेस्ट’चं काय काय केलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक वेबच्या सुगम्यता निकषांप्रमाणे किमान ४.५:१ ठेवला. उभ्या व्हिडिओत अक्षरं खालच्या कडेपासून बरीच वर घेतली, नाहीतर ॲपची बटणं त्यांवर बसतात. दाराच्या क्लिपमध्ये मोजपट्टी नुसती दाखवली नाही. माप शिक्षिकांनी मोठ्याने वाचलंही.

परिणाम

फिजिओथेरपिस्ट पलंगाची क्लिप पाठवायला लागले, आणि काहींनी आपल्या प्रतीक्षागृहातल्या मूक पडद्यावर ती लावली. फोनवरचे प्रश्न थांबले नाहीत, बदलले. ‘डिकीत मावते का’ ऐवजी ‘माझ्या डिकीत आधीच गॅसची टाकी आहे, उभी ठेवली तर चालेल का’ असं विचारलं जाऊ लागलं. ताईंच्या मते अशा फोनमधून विक्री होण्याची शक्यता जास्त असते.

सव्वा मिनिटाच्या मुख्य फिल्मला पहिलीपेक्षा कमी लोकांनी पाहिलं. पहिलीवर जाहिरातीचा खर्च बराच झाला होता, त्यामुळे ही तुलना तशी सरळ नाही. प्रेक्षक कुठवर टिकले ते दाखवणाऱ्या पहिलीच्या आलेखात मात्र कारखाना सुरू होताच प्रेक्षक गळताना दिसत होते, सलग शॉटवर तसा उतार आला नाही. खुर्च्यांची विक्री वाढली, पण त्याच सुमारास कंपनीने घरी जाऊन प्रात्यक्षिकं देणंही सुरू केलं होतं. श्रेय कशाला किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि काढल्याचा दावा कंपनीनेही केला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंची वही पहिल्या फिल्मच्या वेळीही होती. ती कुणी मागितली नाही. त्या फिल्मची पहिली बैठक विक्री विभागात न भरवता फोन घेणाऱ्यांच्या टेबलाशी भरवली असती तर एक अख्खी फिल्म वाचली असती. एजन्सीला दिलेल्या कागदात ‘चित्रीकरणावेळी फिजिओथेरपिस्ट हजर हवा’ ही एक ओळ असती तरी निदान ब्रेक लागले असते.

संमतीपत्रात एक मोठी फट राहिली. चित्र कुठे वापरायचं ते लिहिलं, पण खाली येणाऱ्या प्रतिक्रियांचं काय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शिक्षिकांच्या शरीराबद्दल एकाने गलिच्छ लिहिलं आणि ते कंपनीच्या आधी त्यांच्या एका विद्यार्थ्याने वाचलं. प्रतिक्रिया त्याच दिवशी बंद केल्या, पण तो निर्णय प्रसिद्ध करण्याआधी, शिक्षिकांना विचारून व्हायला हवा होता. आता कंपनीच्या संमतीपत्रात त्यावर वेगळा परिच्छेद आहे आणि नजर कोण ठेवणार त्याचं पदही लिहिलेलं असतं.

फूटरेस्टची रचना पुढे बदलली. छोट्या क्लिपपैकी एकच नव्याने करावी लागली, ते सोपं गेलं. मुख्य फिल्ममध्ये मात्र जुनी फूटरेस्ट सलग शॉटच्या मधोमध होती, आणि जो शॉट कापायचा नाही असं ठरवलं होतं त्यातला तुकडा बदलता येत नाही. तो पूर्ण पुन्हा घ्यावा लागला. शिक्षिका आल्या, बूमही आला, गोधड्याही. या वेळी कच्चं फुटेज, शॉटची यादी, दिव्यांच्या जागा आणि कॅमेऱ्याची उंची लिहून एका फोल्डरमध्ये ठेवली आहे. दृश्यं शब्दांत सांगणारी वेगळी ध्वनिवर्णनाची आवृत्ती अजून झालेली नाही. पुढच्या मॉडेलच्या कामाच्या यादीत ती पहिली आहे.